दारातून न गेलेला हौद

फेब्रुवारीतल्या एका दुपारी वाटीत अळूवड्या घेऊन मी शेजारी गेले, तर दार सताड उघडं आणि घरात कोणी नाही. मी दोन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला अंगणातल्या लोखंडी हौदाच्या पोटातून उत्तर आलं, "वहिनी, इकडं या. मी आतमंदी हाय." वाकून पाहिलं तर सत्तरी ओलांडलेले शांतवन तायडे हौदाच्या तळाशी बादली पालथी घालून बसले होते. हातात ब्रश, कपाळावर निळा ठिपका, आणि अर्धा हौद रंगवून झालेला. "या वयात काय करून राहिले, भाऊ? चढता-उतरता पडले म्हणजे?" मी रागावले. माझं रागावणं त्यांना इतक्या वर्षांत कधी लागलं नव्हतं. त्यांनी निळ्या बोटांनी अळूवडी उचलली, चिंच कमी पडल्याचा निकाल दिला आणि उरलेला अर्धा उद्या-परवा करून टाकतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. भिंतीपलीकडून त्यांच्या बायकोचा, रत्नावहिनींचा आवाज आला. त्या ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "वहिनी, हे उठून नाही राहिले," एवढंच म्हणाल्या. मी झाडू तिथंच टाकला...

ते गेले त्याला आता काही आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की माणसाच्या आधी तो हौद डोळ्यांपुढे येतो, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. काही माणसं त्यांच्या फोटोत सापडतात, काही त्यांच्या खुर्चीत. आमचे शांतवनभाऊ त्या हौदात सापडतात. तो कसा आला, कुणासाठी आला आणि किती वर्षं वाट पाहत उभा राहिला, हे सांगितलं की त्यांच्याबद्दल सांगायचं बहुतेक सगळं सांगून होतं.

आमची ओळख भिलाईच्या सेक्टर दहामधली. आम्ही भंडाऱ्याकडचे, ते अकोल्याकडचे ख्रिस्ती. दोन्ही घरचे पुरुष पोलादाच्या प्लांटमध्ये, आणि दोन्ही क्वार्टरांमध्ये एक भिंत. मी टाऊनशिपच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे मला बोलण्यापेक्षा तपासण्याची सवय जास्त. शांतवनभाऊ फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डर होते. त्यांच्या मनगटांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते आणि ते डाग त्यांना अभिमानाचे वाटायचे. स्वभावानं माणूस बोलका, खाण्याचा शौकीन, गाण्यात मात्र इतका बेसूर की त्यांच्या चर्चमध्ये त्यांना मागच्या बाकावर बसवत असावेत अशी माझी खात्री होती. मी हे त्यांना तोंडावर म्हणाले होते. "मागं नाही, पंख्याखाली बसवते. पंख्याच्या आवाजात चालून जाते," त्यांनी सांगितलं.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं सुवार्ता. मी मोठ्या हौसेनं पांढऱ्या कापडाचा झालरीचा फ्रॉक शिवला, कारण बाळाचा बाप्तिस्मा पांढऱ्या फ्रॉकमध्ये होतो हे मी लहानपणी गावाकडच्या कॉन्व्हेंटमध्ये पाहिलं होतं. फ्रॉक दिला आणि विचारलं, "बाप्तिस्मा कधी?" शांतवनभाऊ हसले. "वहिनी, तुम्ही पाह्यलं थे दुसऱ्या पंथातलं. आमच्यात लेकराले नाही देत. लेकरू मोठं होते, त्याले समजाले लागते, मंग थे आपल्या तोंडानं म्हणते का मले पाहिजे. तवा पाण्यात उतरवते." मला ते तेव्हा फारसं पटलं नाही. आपल्या मुलाचं काय ते आपणच करून टाकावं, त्याच्या तोंडाकडे कशाला बघत बसायचं, असं वाटलं. फ्रॉक फुकट गेला नाही म्हणा. चर्चमध्ये बाळासाठी प्रार्थना झाली तेव्हा सुवार्ताच्या अंगावर तोच होता.

ती तेरा-चौदा वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. तिच्या वयाच्या मुलांचा बाप्तिस्मा व्हायचा होता. त्यांच्या चर्चकडे हौद नव्हता, सगळ्यांना शिवनाथ नदीवर न्यावं लागे. शांतवनभाऊंनी मनावर घेतलं की आपल्या पोरीच्या वेळी चर्चचा स्वतःचा हौद हवा, आणि तो आपल्या हातचा हवा. प्लांटमधून एक खिळाही घरी आणायचा नाही हा त्यांचा नेम होता, म्हणून पत्रे आणले जवळच्या रसमड्याच्या एका कारखान्यातून. सुट्ट्यांच्या दिवशी मागच्या अंगणात निळा उजेड लखलखायचा आणि मी माझ्या मुलांना "तिकडे पाहू नका रे" म्हणून ओरडत राहायची. शेवटी हौद तयार झाला. आडवा माणूस आरामात मावेल एवढा लांब, छातीपर्यंत उंच, आतून-बाहेरून पायऱ्या, तळाला पाणी सोडायचा चाकाचा वॉल्व्ह. हा हौद पाण्यासाठी आहे की वितळलेल्या लोखंडासाठी, असं मी विचारलंही. शॉपमधल्या दोस्तांनी तो ट्रकवर चढवला आणि वाजतगाजत चर्चवर नेला.

आणि तो चर्चच्या दारातून आत गेला नाही.

आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, तिरका करून पाहिला. दाराची चौकट काढायचाही विचार झाला, पण त्या पलीकडे भिंतच होती. शांतवनभाऊंनी हौद कुठे ठेवायचा ती जागा टेपनं मोजली होती, छतापासूनची उंची मोजली होती, पाण्याचं वजन फरशीला झेपेल का हेही इंजिनियर साहेबांना विचारलं होतं. दार मोजलं नव्हतं. मला त्यांची ही चूक फार आवडते. प्लांटमधल्या शेडच्या दारातून रेल्वेचं आख्खं इंजिन आत जातं. ज्या माणसाचं सगळं आयुष्य असल्या दारांतून ये-जा करण्यात गेलं, त्याला दार मोजायचं सुचणार कसं? त्यांच्या दोस्तांपैकीही कुणाला सुचलं नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघून हसत सुटले आणि शांतवनभाऊ त्यांच्याहून मोठ्यानं हसले. हौद त्याच ट्रकवरून परत आमच्या मागच्या गल्लीत आला. मेंदीचं कुंपण थोडं कापून तो भाऊंच्या अंगणात उतरवला.

त्या संध्याकाळी सगळ्यांना चहा द्यायला म्हणून मी त्यांच्या स्वयंपाकघरात होते. दोस्तमंडळी गेली. बाप-लेक अंगणात हौदाला टेकून उभे होते. सुवार्ता म्हणाली, "पप्पा, अभी नहीं." त्यांना कळलं नाही. "काय अभी नहीं?" ती म्हणाली, "बाप्तिस्मा. सगळे घेऊन राहिले म्हणून मी नाही घेत. मला आतून वाटलं पाहिजे न." मला वाटलं, आता हा माणूस चिडणार. कितीक सुट्ट्या त्याच्यात गेल्या होत्या, सगळ्या चर्चसमोर फजिती झाली होती, आणि जिच्यासाठी केलं तीच नको म्हणत होती. शांतवनभाऊंनी हौदाच्या जोडावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बरं." आणि पुढे म्हणाले, "मी तुले पुन्हा नाही विचारणार. वाटलं तं तूच सांग." सुवार्ता माझीच विद्यार्थिनी, प्रश्न अर्धा सोडणारी नव्हे. "और नहीं लगा तो?" शांतवनभाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. "तं नाही," ते म्हणाले.

हे बोलणं त्यांना सोपं गेलं नव्हतं, हे मी त्यांच्या शेजारी राहून पुढे रोज पाहिलं. त्यांच्या मनात दुसरी इच्छाच नव्हती म्हटलं तरी चालेल. रत्नावहिनी म्हणायच्या, "एकदा विचारून तं पाहा, तुमचं नाही मोडणार थे." ते म्हणायचे, "म्हूनच नाही विचारत." पास्टरसाहेबांनी सुचवलं, हौद कापून आत न्या आणि आत जोडा. भाऊंनी टाळलं. पुढे चर्चनं सिमेंटचा हौद बांधला, त्यामुळे तो विषयही मिटला. आमच्या अंगणापलीकडचा लोखंडी हौद तसाच राहिला. पण शांतवनभाऊ दरवर्षी थंडी सरता सरता तो घासायचे, आतून निळा रंग द्यायचे, रंग वाळला की नळाला पाइप लावून काठोकाठ भरायचे आणि एक रात्र ठेवून सकाळी सगळ्या जोडांवरून बोट फिरवायचे. "कावून इतकं पाणी भरता, भाऊ?" मी विचारायची. "टेस्टिंग," ते म्हणायचे. टेस्टिंग झालं की माझी आणि गल्लीतली मुलं त्यात धिंगाणा घालायची आणि मग वॉल्व्ह उघडून ते पाणी पपईला सोडलं जायचं. त्या पपया सबंध सेक्टरात सगळ्यात गोड होत्या, हे आपलं जाता जाता सांगते.

सुवार्ता शिकली, हैदराबादला नोकरीला लागली. तिथं तिनं जगदलपूरच्या एका ख्रिस्ती घरातला मुलगा पसंत केला. आता चर्चमध्ये लग्न करायचं तर दोघांचाही बाप्तिस्मा झालेला हवा, असा त्यांच्याकडचा नियम. नात्यातल्या लोकांना वाटलं, आयतीच संधी आली. एक थोरले मामा तर बैठकीत माझ्यासमोरच म्हणाले, "शांतवन, आता सांगून टाक पोट्टीले. लग्नासाठी तं घेईनच थे." त्या दिवशी मी भाऊंना पहिल्यांदा आवाज चढवताना ऐकलं. "लग्नासाठी घ्यायची वस्तू हाय का थे, मामा?" लग्न रजिस्ट्रारच्या ऑफिसात झालं आणि जेवण क्वार्टरच्या मागच्या अंगणात. हौदात बर्फाच्या लाद्या टाकून त्यात कोल्ड्रिंकच्या बाटल्या गार केल्या होत्या. शांतवनभाऊ बाहीपर्यंत ओले होऊन येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात बाटली देत होते. "पाहा वहिनी, कामाले तं आला," मला म्हणाले. ते हसत होते. मी बाटली घेतली आणि बाजूला झाले.

मग रिटायरमेंट आली, क्वार्टर सोडायची वेळ आली. आम्ही दोन्ही घरांनी भिलाईतच रुआबांध्याला शेजारी-शेजारी प्लॉट घेतले. भिंत पुन्हा एकच. बांधकामाच्या वेळी मिस्त्रीनं शांतवनभाऊंना विचारलं, गेट किती रुंद ठेवू? त्यांनी खिशातून टेप काढला, सेक्टर दहामध्ये जाऊन हौद मोजून आले आणि त्यावर वीतभर जास्त सांगितलं. त्यांच्याकडे कार नव्हती, पण त्या गल्लीत गेट सगळ्यात मोठं त्यांचं. अजूनही नवीन माणूस विचारतो, या घरात ट्रक आहे का?

सुवार्ताला मुलगी झाली, कृपा. ती दोन-अडीच वर्षांची असताना सगळे नाताळला आले होते. नाताळ झाला, करंज्यांचे डबे अर्धे रिकामे झाले, आणि एका दुपारी आम्ही सगळे अंगणात उन्हाला बसलो होतो. शांतवनभाऊ नातीला संत्र्याच्या फोडी सोलून देत होते. सुवार्ता कितीतरी वेळ हौदाकडे पाहत होती. मग तिनं अगदी सहज विचारलं, "पप्पा, हा हौद अजून गळत तर नाही न?"

शांतवनभाऊंच्या हातातली फोड तशीच राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माह्या हातचा वेल्ड हाय, बाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मध्येच फाटला. सुवार्ता म्हणाली, "तो फिर भरो न. चर्चमध्ये नाही. यातच." रत्नावहिनींनी पदर तोंडाला लावला. शांतवनभाऊ उठले, नातीला माझ्या मांडीवर दिलं आणि लगेच नळाला पाइप जोडायला निघाले. बाप्तिस्म्याचा दिवस अजून ठरायचा होता, पास्टरना कळवायचं होतं, पण हा माणूस पाणी सोडूनही मोकळा झाला. "आता कावून भरता हो? किती दिवस उभं ठेवाल पाणी?" मी विचारलं. मागे वळून न पाहता ते म्हणाले, "टेस्टिंग."

बाप्तिस्मा जानेवारीत झाला. भिलाईतली जानेवारीची सकाळ, पाण्यात हात घातला की बोटं बधिर. शांतवनभाऊंनी तीन विटांची चूल मांडून मोठ्या पातेल्यात पाणी तापवायला घेतलं, पण एवढ्या हौदाला एका पातेल्यानं काय होणार? मी आमच्या गीझरची बादली आणून ओतली. मला पाहून समोरच्या साहूंच्या घरून एक आली, मग कोपऱ्यावरच्या बंगाली बाईंची. थोड्या वेळात गल्लीतून वाफाळत्या बादल्यांची रांगच लागली. नव्यानं राहायला आलेल्या एका गृहस्थांनी गेटशी थबकून, जरा संशयानं मला विचारलं, "यहाँ कौन धर्म बदल रहा है?" हल्ली हा प्रश्न हवेतच असतो. मी म्हटलं, "कोई नहीं. इसी घर की लड़की है, अपने मन से हाँ कह रही है. आपके यहाँ गीज़र है?" ते गृहस्थ घरी गेले आणि बादली घेऊन आले, हे मी त्यांच्या बाजूनं नमूद करून ठेवते.

आणि मग मी ते पाहिलं, जे मी विसरणार नाही. पाणी पुरेसं कोमट झालं का हे बघायला शांतवनभाऊंनी शर्टाची बाही वर सारली आणि हाताचं कोपर पाण्यात बुडवलं. बाळाला न्हाऊ घालण्याआधी आपण जसं पाहतो, अगदी तसं. पस्तिशीच्या पोरीसाठी. एकदा इकडून, एकदा तिकडून, मग पायऱ्यांजवळ. "अजून एक बादली," ते म्हणाले. पास्टर आणि सुवार्ता पाण्यात उतरले. पास्टरनं तिला विचारलं, ती मोठ्यानं "हाँ" म्हणाली, आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं ती पाण्याखाली जाऊन वर आली. केस चेहऱ्याला चिकटलेले, डोळे मिटलेले. शांतवनभाऊ टॉवेल घेऊन काठाशीच होते. त्यांनी तिचं डोकं टॉवेलात धरलं आणि लोक गाऊ लागले तेव्हा स्वतःही गायले, सगळ्यांच्या वर, पूर्ण बेसूर. इथं पंखा नव्हता. कुणी हसलं नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी हिंदू घरातली, मला त्या विधीतलं सगळं कळतं असं मी म्हणणार नाही. पण आनंद कसा असतो ते मला कळतं, आणि त्या सकाळी तो माझ्यासमोर निम्मा भिजून उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉल्व्ह उघडला नाही. रत्नावहिनी डासांच्या नावानं ओरडल्या, तेव्हा एक-एक बादली भरून ज्या ज्या घरून गरम पाणी आलं होतं, त्या त्या घरी नेऊन झाडांना घातली. आमच्या कढीपत्त्यालाही मिळाली. "घ्या वहिनी, तुमचं पाणी वापस," म्हणाले. पुढे एकदा मी सुवार्ताला विचारलं, इतकी वर्षं लावलीस, मग एकदम कसं वाटलं? ती म्हणाली, "एकदम नाही, काकू. नोकरीत, सासरी, सब जगह कोई न कोई मागे लागलेला असतो. पप्पा कभी नहीं लगे. दरवर्षी नुसतं रंगवून ठेवायचे. मला हळूहळू कळलं, मी ज्या देवाला मानते तोही असाच असणार."

तिचा बाप्तिस्मा झाल्यावर हौदाचं काम संपलं, असं मला वाटलं होतं. शांतवनभाऊंचं घासणं, रंगवणं, टेस्टिंग मात्र चालूच राहिलं. कुणासाठी, ते मला दिसत होतं. दर सुट्टीला कृपा थोडी उंच होऊन यायची.

आता अंत्यविधी झाला, प्रार्थनासभा झाली, पाहुणे पांगले. कुणीतरी सुचवलं की एवढी जागा अडते, भंगारवाल्याला देऊन टाका. रत्नावहिनी म्हणाल्या, सुवार्ताले विचारा. परवा सकाळी मी पोहे घेऊन गेले, तर दार सताड उघडं आणि घरात कोणी नाही. हौदाशी गेले. आत सुवार्ता त्याच पालथ्या बादलीवर बसून वडिलांनी सोडलेला अर्धा भाग रंगवत होती. त्यांचा हात कुठे थांबला आणि तिचा कुठून सुरू झाला, ते निळ्याच्या ओल्या रेघेवरून दिसत होतं. अजून न रंगवलेल्या कोपऱ्यात आठ वर्षांची कृपा खडूनं मासे काढत बसली होती. तिला पाहून माझ्या तोंडून निघालंच, "कृपा, तू कधी गं..." सुवार्तानं ब्रश थांबवून वर पाहिलं. रागानं नव्हे. बाप पाहायचा तसं. मी शब्द गिळला आणि म्हटलं, "...तू कधी वर येणार? पोहे निवून राहिले."

कृपानं माशाला डोळा काढता काढता, मान वर न करता सांगितलं, "आजी, अभी नहीं."

"बरं," सुवार्ता म्हणाली, आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला.